अध्यक्षांचा क्लोजअप आणि आजींचं पासबुक

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दोघं जण माझ्या एरंडवण्यातल्या घरी आले. ती दिग्दर्शन करणार होती, तो लेखक. दोघंही पंचविशीच्या आतबाहेर. हातात अर्ध्या तासाच्या लघुपटाची ४२ पानांची पटकथा. मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर २७ वर्षं काढली आणि आता पटकथेच्या छोट्या कार्यशाळा घेतो, म्हणून ते माझ्याकडे आले होते. "सर, बाकी सगळं जमलंय, फक्त शेवट लागत नाहीये," ती म्हणाली.

विषय होता शहरातल्या एका पतसंस्थेचा घोटाळा. अध्यक्ष माजी नगरसेवक, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. एका वृत्तवाहिनीचा तरुण बातमीदार आहे, रात्री कुणीतरी त्याच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवतं आणि सकाळी ब्रेकिंग न्यूज. शटर बंद, बाहेर गर्दी, पत्रकार परिषद, राजीनामा. शेवटी भाऊ रिकाम्या कार्यालयात एकटेच बसलेत, भिंतीवर मोठमोठ्या नेत्यांबरोबरचे फोटो, डोळ्यांच्या कडेला पाणी. खाली पोलिसांची गाडी येऊन थांबते.

निघताना, चपला घालता घालता तिनं सांगितलं की तिच्या आजींचे साडेचार लाख रुपये अशाच एका पतसंस्थेत अडकलेत. मी पटकथा पुन्हा चाळली. त्यात आजी नव्हती.

त्या रात्री पेन्सिल घेऊन बसलो आणि प्रत्येक सीनसमोर एकच गोष्ट लिहिली: कॅमेरा कुणाबरोबर आहे? ३१ सीनपैकी १४ भाऊंचे, ११ बातमीदाराचे. ठेवीदारांचे दोन. एकात शटरवर हात आपटणारी गर्दी, दुसऱ्यात बूम माइकसमोर रडणारी एक म्हातारी. तिला संवाद होता, "आमच्या घामाचे पैसे गेले हो." नाव नव्हतं. उरलेले चार सीन गाड्यांचे आणि टीव्हीच्या पडद्यांचे. शेवट लागत नव्हता तो यामुळे. ज्याचं नुकसान झालं तो माणूसच गोष्टीत नसेल, तर अध्यक्षांना अटक झाली काय आणि न झाली काय, प्रेक्षकाच्या पोटात काही हलत नाही. पण हे मी नुसतं सांगून त्यांना पटलं नसतं, म्हणून पुढचे चार शनिवार आम्ही चित्रपट पाहिले.

पहिला 'फ्रॉस्ट/निक्सन', रॉन हॉवर्ड यांचा २००८चा. मुद्दाम हाच आधी घेतला, कारण लेखकाच्या डोक्यात हाच होता. पायउतार झालेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्याची मुलाखत घेणारा टीव्हीवाला फ्रॉस्ट. खरी मुलाखत १९७७ सालची, तिच्यासाठी निक्सन यांनी ६ लाख डॉलर घेतले होते. चित्रपटात शेवटी निक्सनचा चेहरा पडदाभर येतो, थकलेला, उघडा पडलेला, आणि आपल्याला त्याचं वाईट वाटतं. लेखक भारावून गेला होता. मी विचारलं, "या माणसानं कुणाचं काय वाईट केलं? चित्रपटातून एक नाव सांग." त्याला सांगता येईना. मला आवडतं ते असं की चित्रपटातलंच एक पात्र याची कबुली देतं: क्लोजअप सगळा गुंता आटवून एका चेहऱ्यात आणतो. आणखी एक. निक्सन रात्री दारूच्या नशेत फ्रॉस्टला फोन करून मन मोकळं करतो, तो प्रसंग नाटककार पीटर मॉर्गन यांनी रचलेला आहे. प्रत्यक्षात तसा फोन झालाच नव्हता. म्हणजे त्या नेत्याला जी आत्मजाणीव आपण पाहतो आणि विरघळतो, तिच्यातला मोठा हिस्सा लेखकाची देणगी आहे. आमच्या पटकथेतल्या भाऊंच्या डोळ्यांतलं पाणी तसंच होतं.

दुसरा 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन', १९७६. तेच वॉटरगेट, म्हणजे ज्या घोटाळ्यापायी निक्सनला पद सोडावं लागलं ते प्रकरण, तोच नेता, पण इथे निक्सन पात्र म्हणून नाहीच. दिसतो तो टीव्हीच्या पडद्यावर. दिग्दर्शक ॲलन पाकुला यांनी सगळा वेळ दोन बातमीदारांच्या पायपिटीला दिला: याद्या, फोन, तोंडावर बंद होणारी दारं. त्यातला एक प्रसंग मी तीनदा दाखवला. पैशांचा हिशेब ठेवणारी बाई घाबरलेली आहे, बोलायचं नाहीये, आणि बातमीदार कॉफी घेत बसूनच राहतो. ती थेट काही सांगत नाही, आद्याक्षरांवरून, होकार-नकारावरून गोष्ट पुढे सरकते. जेन अलेक्झांडर यांचं काम जेमतेम काही मिनिटांचं, पण घोटाळा म्हणजे काय ते त्या बाईच्या आवळलेल्या हातांवरून कळतं. आणि शेवट पाहा. बातमीदारांच्या हातून चूक झालेली आहे, अंगाशी आली आहे. टीव्हीवर निक्सन दुसऱ्यांदा शपथ घेतोय, तोफांची सलामी चालू आहे, आणि मागे दोघं टाइप करत बसलेत. पुढचं सगळं, राजीनाम्यापर्यंतचं, टेलीप्रिंटरवर अक्षरं उमटत जातात तेवढंच. नेता कोसळताना दाखवायचा मोह त्या माणसानं सोडला.

"म्हणजे आमचा पेन ड्राइव्ह गेला," लेखक म्हणाला. गेलाच. यावर मी त्यांना घरचंच उदाहरण दिलं, नारायण पेठेतलं. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांवर 'केसरी' आणि 'मराठा'नं आरोप केले, त्यामागे हाती आलेली पत्रं होती. पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं. हातात आलेला कागद खरा आहे का, हा प्रश्न 'केसरी'ला त्याच्या दुसऱ्याच वर्षी पडलेला आहे. पटकथेतला बातमीदार पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावतो आणि तासाभरात तो मजकूर हवेत जातो. मी डेस्कवर होतो, मला ते पाहवेना.

मारुती कांबळे

तिसऱ्या शनिवारी 'सामना'. मी तो पहिल्यांदा विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात पाहिला होता, आणि बाहेर पडल्यावर कोपऱ्यावर चहा घेताना माझ्याशी कुणी बोलू नये असं वाटलं होतं. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि गावात भरकटत आलेला, दारूत बुडालेला जुना गांधीवादी मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मास्तर एकच प्रश्न धरून बसतो: मारुती कांबळेचं काय झालं?

हा प्रश्न महाराष्ट्रात म्हणीसारखा वापरला जातो, त्यामुळे त्यातली युक्ती नजरेआड होते. घोटाळ्याच्या चित्रपटात प्रेक्षक विचारत असतो, नेत्याचं काय होणार? तेंडुलकरांनी तो प्रश्न सरकवून दुसऱ्याच माणसावर नेऊन ठेवला, गावातल्या एका साध्या, नाहीशा झालेल्या माणसावर. हिंदुराव पडद्यावर भरपूर आहेत, मोहक आहेत, त्यांचा पाहुणचार खरा आहे. तरी त्यांच्या प्रत्येक सीनमध्ये मारुती कांबळे हजर असतो.

दुसरी गोष्ट दिग्दर्शिकेनं हेरली, मी नाही. "सर, मास्तर हिंदुरावांच्याच घरात राहतो, त्यांचंच खातो-पितो. आणि तरी विचारतो." मी गप्प बसलो. का, ते पुढे सांगतो.

चौथा 'सिंहासन', १९७९. तोच दिग्दर्शक, तोच पटकथाकार, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून. आणि चार वर्षांत खुर्च्यांची अदलाबदल झालेली: निळू फुले आता पत्रकार दिगू टिपणीस, आणि मास्तर झालेले लागू आता मुख्यमंत्र्यांना खाली खेचू पाहणारे अर्थमंत्री दाभाडे. प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर सत्ता आणि सत्तेच्या चेहऱ्यावर प्रश्न. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की अंगावर काटा येतो. दिगूला सगळं माहीत असतं. कोण कुणाला भेटलं, कोण फुटणार, कामगारांचा संप कुणाच्या सोयीचा आहे. माहीत असण्याचा उपयोग काही होत नाही. मुख्यमंत्र्यांची खुर्ची शाबूत राहते आणि दिगू वेड लागल्यासारखा हसत सुटतो. आमच्या पटकथेतल्या बातमीदाराला मात्र शेवटी पुरस्कार मिळत होता.

जब्बार पटेल, लागू आणि 'सिंहासन'मधलेच मोहन आगाशे, तिघंही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून आलेले डॉक्टर. मला हा केवळ योगायोग वाटत नाही. रोग्याकडे चिडून किंवा गहिवरून न पाहता आधी नाडी बघायची, ही सवय त्या दोन चित्रपटांत आहे.

इथे आमचं भांडण झालं. लेखक म्हणाला, "पण सर, अध्यक्ष माणूस नाही का? त्याला सरळ खलनायक करायचा? मला तसला सिनेमा लिहायचा नाहीये." प्रश्न अगदी रास्त होता आणि मला आवडला. मी म्हटलं, माणूस दाखव, पण काम करताना दाखव. एकटेपणात रडताना नको. भाऊंनी नेमकं केलं काय, हे तुला माहीत आहे का? त्याला माहीत नव्हतं. पटकथेत 'कोट्यवधींचा अपहार' एवढंच होतं.

म्हणून त्यांना घेऊन मी ओळखीच्या एका निवृत्त लेखापरीक्षकांकडे गेलो. दोन तास त्यांनी कागदावर रेघा मारून समजावलं. संचालकाच्या मेव्हण्याच्या नावावर कर्ज. तारण म्हणून दाखवलेल्या जमिनीचं मूल्यांकन तिप्पट. हप्ते थकले की थकबाकी दिसू नये म्हणून त्याच माणसाला नवं कर्ज, आणि त्यातून जुनं फेडल्याची नोंद. कर्जदार आणि जामीनदार एकमेकांचे. वहीत सगळं सुरळीत, दारात पाटी 'ऑडिट वर्ग अ'. मग एक दिवस सात-आठ मोठे ठेवीदार एकदम पैसे मागतात आणि तिजोरीत काही नसतं. पुढे सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी, कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित करणं, प्रशासक, अवसायक म्हणजे बुडालेली संस्था गुंडाळणारा अधिकारी, अपील. वर्षं जातात. बँक बुडाली तर ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत ते १ लाखच होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. व्याज दीड टक्का जास्त मिळतं म्हणून माणसं तिथे जातात, आणि हा फरक त्यांना कुणी सांगत नाही.

परतताना लेखक म्हणाला, "हे सगळं सह्यांनी झालंय. कुणी कुणावर ओरडलंसुद्धा नसेल." त्या वाक्यावर नव्या पटकथेतला भाऊंचा मुख्य सीन उभा राहिला: मासिक सभा, बटाटेवडे, चहा, अकरा कर्जप्रकरणं बावीस मिनिटांत मंजूर, आणि भाऊ प्रत्येकाची आपुलकीनं चौकशी करताहेत.

आजी

मग आम्ही आजींकडे गेलो, कसब्यातल्या दोन खोल्यांच्या घरात. वय ७८. पोहे झाले, चहा झाला. नातीनं विषय काढला तसं त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"अध्यक्ष वाईट नव्हते हो," आजी म्हणाल्या. "दिवाळीला घरी यायचे. यांच्या आजारपणात दवाखान्यात आले होते बघायला." पैसे कसे साठले ते सांगितलं: यजमानांची ग्रॅच्युइटी, शिवणाचे थोडे, आणि रोज दारात येणाऱ्या पिग्मी एजंटाकडे दिलेले वीस-वीस रुपये. संस्था बंद पडल्यावर लोकांनी त्या एजंटालाच गल्लीत धरलं. "त्याचं काय चुकलं? त्याच्या बायकोचे दागिनेपण तिथंच होते." त्यानं पेठ सोडली.

मला तेंडुलकरांचा 'घाशीराम कोतवाल' आठवला. भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ ला पहिला प्रयोग झाला त्या नाटकात जमाव कोतवालाला ठेचतो आणि नाना फडणवीस सुखरूप राहतो. त्याच वर्षी जूनमध्ये तिकडे वॉटरगेटच्या इमारतीत पाच जण चोरीत पकडले गेले होते. पहिल्यांदा हाती लागतो तो नेहमी खालचाच माणूस. लघुपटात पिग्मी एजंट तोपर्यंत नव्हता. आता त्याचे चार सीन आहेत.

पण सगळी पटकथा उलटी झाली ती आजींच्या पुढच्या बोलण्यानं. तीन वर्षं झाली, त्यांनी मुलाला, म्हणजे दिग्दर्शिकेच्या वडिलांना, पूर्ण रक्कम सांगितलेलीच नाही. "पन्नास हजार सांगितलेत. साडेचार लाख म्हटलं तर म्हणेल, आई, तुला अक्कल नव्हती का?" भिशीला जाणं त्यांनी सोडलं, कारण तिथल्या दोघींनी त्यांच्या सांगण्यावरून त्याच पतसंस्थेत पैसे ठेवले होते. आणि अध्यक्ष? "गणपतीत आरतीला होते की. पाहुणे म्हणून. मीच मागे झाले."

जिन्यावरून उतरताना आम्ही तिघंही बोलत नव्हतो. 'बदनाम नेता' म्हणून आपण चित्रपट काढतो, पण इथे लाज वाटत होती ती आजींना. निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ ला पद सोडलं, ८ सप्टेंबरला त्यांना माफी मिळालेली होती. आपल्याकडे सिमेंट वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं, पुढे ते दोनदा केंद्रात मंत्री झाले. राजकारणातली बदनामी बहुतेकदा सुट्टीसारखी असते, माणूस त्यातून परत येतो. आजी भिशीला परत गेल्या नाहीत. पडद्यावर हे कुणी दाखवत नाही, कारण नेत्याचं कोसळणं दिसतं आणि आजींचं मागे सरकणं दिसायला कॅमेरा गर्दीत, नेमक्या त्या माणसाजवळ न्यावा लागतो.

तेव्हा मी त्या दोघांना माझी गोष्ट सांगितली. निवृत्तीच्या काही वर्षं आधी वाचकांच्या पत्रांत एका ठेवीदाराचं पत्र आलं होतं. चार ओळी. मुदत संपून पाच महिने झाले, ठेव परत मिळत नाही, रोज उद्या या म्हणतात. संस्थेचं नाव होतं. त्या संस्थेची पानभर जाहिरात आमच्याकडे दर वर्धापनदिनाला यायची, अध्यक्षांच्या वाढदिवसाला पुरवणी निघायची. मला कुणी काही सांगितलं नाही. वरून फोन आला नाही, जाहिरात विभागातून कुणी आलं नाही. मी ते पत्र स्वतःच 'नंतर पाहू' म्हणून खणात ठेवलं. चौदा महिन्यांनी संस्था बंद पडली आणि आम्ही आठ कॉलम मथळा केला. त्या चौदा महिन्यांत तिथे किती जणांनी नव्यानं पैसे ठेवले असतील, हे मनात आलं की आजही झोप उडते. मास्तरनं हिंदुरावांचं खाऊनही प्रश्न विचारला होता. मी विचारला नाही.

दिग्दर्शिका बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, हे घेऊ का?" मी घे म्हटलं.

आता लघुपटात वाहिनीचा धाडसी बातमीदार नाही. एका दैनिकातली उपसंपादक आहे, चाळिशीची, कामसू. ती पत्र वाचते, जाहिरातीचं पान बघते, पत्र खणात ठेवते. संवाद एकही नाही. पुढे संस्था बुडते तेव्हा मथळा तीच लावते, आणि तिला तो उत्तम जमतो. तिला धमकावणारा कुणी नाही, हे ठेवायला मी आग्रह धरला. आपल्या चित्रपटांत पत्रकार एक तर मारला जातो नाही तर विकला जातो. मी पाहिलेले बहुतेक जण, मीही, या दोन्हींच्या मधल्या जागेत काम करत होतो, आणि ती जागा पडद्यावर फार क्वचित येते.

नव्या मसुद्यात २६ सीन आहेत. भाऊंचे पाच. लेखकाला त्यांचा एक क्लोजअप हवाच होता, त्यावर आमचं एकमत झालेलं नाही. त्याचं म्हणणं, आरतीच्या वेळी भाऊंची नजर क्षणभर आजींवर पडते आणि ते ओळख देत नाहीत, हे चेहऱ्याशिवाय कळणार नाही. माझं म्हणणं, तो क्षण आजींच्या पाठीमागून घ्या, भाऊ लांब, धूसर, ताम्हणातल्या ज्योतींमागे. दिग्दर्शिकेनं दोन्ही शॉट घेतलेत. अजून एडिट चालू आहे आणि मी जाऊन बसत नाही, निर्णय तिचा आहे.

पाच दिवस चित्रीकरण झालं, त्यातला एक दिवस आजींच्याच घरी. भूमिका एका ज्येष्ठ नाट्यकलावती करत होत्या, आजी ओट्यापाशी उभ्या राहून बघत होत्या. पासबुकाच्या शॉटसाठी कलाविभागानं नवं पासबुक छापून आणलं होतं, पण ते फारच कोरं दिसत होतं. आजींनी कपाटातून आपलं काढून दिलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, कोपरे दुमडलेलं. शॉट झाला. सामान आवरून आम्ही निघालो तेव्हा त्या जिन्यापर्यंत मागे आल्या.

"ते पासबुक परत द्या हं," म्हणाल्या. "मंगळवारी अवसायकांच्या ऑफिसात न्यावं लागतं."